घटनास्थळावरचे बोटांचे ठसे : उमटवण्यापासून कोर्टापर्यंत

मुद्देसूद

घरफोडीची बातमी कुठल्याही जिल्ह्यातली असो, शेवटच्या ओळीत "श्वानपथक व ठसेतज्ज्ञांना पाचारण करण्यात आले" हे ठरलेलं असतं. ते आले आणि पुढे काय झालं, हे बातमीत येत नाही. म्हणून हा धागा. ठसा कसा शोधतात, कशाने उमटवतात, कुठे तो हातचा जातो आणि जुळणी म्हणजे नेमकं काय, यावर नेमकी माहिती असलेल्यांनी भर घालावी. सुरुवात मी करतो.

ठसे तीन तऱ्हेचे. डोळ्यांना दिसणारे, म्हणजे रक्त, ग्रीस, रंग लागलेल्या बोटांचे. दाबाने उठलेले, म्हणजे ओली पुट्टी, मेण, साबणाची वडी यांत रुतलेले. आणि तिसरे सुप्त, जे घामाने व तेलकटपणाने उमटतात आणि सहज दिसत नाहीत. बोटांच्या टोकांना तेलग्रंथी नसतात. तिथे येतो तो निव्वळ घाम, आणि त्यात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. उरलेल्या चिमूटभर भागात मीठ आणि अमिनो आम्लं असतात. तेल येतं ते केसांना, नाकाला, कपाळाला हात लागल्यामुळे. ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढची सगळी रसायनं का वापरतात ते उलगडतं, कारण प्रत्येक पद्धत यातल्या एखाद-दुसऱ्या घटकाला पकडते.

पहिलं हत्यार बॅटरी. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून तिरपा झोत टाकायचा आणि डोकं हलवत बघायचं. काचेवर, स्टीलच्या डब्यावर, कपाटाच्या रंगावर निम्मे ठसे असेच दिसून जातात. दिसला की आधी फोटो, मग बाकीचं. हा क्रम मोडला आणि पावडरीने ठसा बिघडला, तर तो परत आणता येत नाही.

पावडर फक्त गुळगुळीत, न शोषणाऱ्या आणि कोरड्या पृष्ठभागासाठी. फिकट रंगावर काळी, गडद रंगावर आणि काचेवर ॲल्युमिनियमची करडी. डबीत ब्रश कधीही बुडवायचा नाही. एका कागदावर चिमूटभर काढून घ्यायची, नाहीतर ब्रशला लागलेला ओलावा आणि आधीच्या ठिकाणची घाण सगळ्या डबीत जाते. ब्रश झटकून केसांची फक्त टोकं टेकवायची. आधी हलके गोल फिरवायचे. रेघा दिसू लागल्या की रेघांच्या वळणाच्या दिशेने. आणि थांबायचं. "अजून थोडं उठावदार होईल" म्हणून मारलेली पावडर रेघांमधल्या खाचांत भरते आणि ठसा काळा गोळा होऊन जातो. माझ्या मते सर्वांत जास्त ठसे इथेच मरतात. जास्त झालीच तर स्वच्छ, कोरडा ब्रश घेऊन अलगद काढता येते, पण दर वेळी नाही.

चुंबकी पावडरीला केसांचा ब्रश लागत नाही. कांडीच्या टोकाला पावडरीचाच झुपका तयार होतो आणि तोच फिरवायचा. त्यामुळे ठशाला घासण लागत नाही. प्लास्टिक आणि चकचकीत कागदावर ती उत्तम चालते. लोखंडी कपाटावर मात्र वापरायची नाही, कारण पावडर पत्र्यालाच चिकटून बसते.

फोटो काढताना कॅमेरा ठशाला काटकोनात, ट्रायपॉडवर, आणि मोजपट्टी ठशाच्याच पातळीत हवी. मूळ आकाराला इंचामागे किमान १००० पिक्सेल मिळाले पाहिजेत. ६००० बाय ४००० पिक्सेलचा कॅमेरा असेल तर एका चौकटीत साधारण १५ बाय १० सेंटिमीटरपेक्षा जास्त भाग घेऊ नये. खोलीभर फोटो काढून नंतर "झूम" करू म्हणणं म्हणजे ठसा सोडून देणं.

टेपने उचलताना टेपचं एक टोक दुमडून पकड करायची, ठशाच्या अलीकडून चिकटवायला सुरुवात करायची आणि अंगठ्याने दाबत पुढे जायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. काढताना एका दमात. मध्ये थांबलात की तिथे आडवी रेघ पडते. मग कार्डावर चिकटवून गुन्हा क्रमांक, तारीख, वेळ, नेमकी जागा, "वर" कुठली बाजू त्याचा बाण आणि सही. बाण राहिला तर हात खिडकीतून आत येत होता की बाहेर जात होता, हे नंतर सांगता येत नाही.

निशिगंध

फार छान सुरुवात. कागदाचं काय? बनावट सही केलेला चेक, खंडणीची चिठ्ठी, नोटा, यांवर पावडर चालत नसणार.

आम्लराज

निशिगंधताई, साध्या कागदावर पावडर मारूच नये. कागद घाम शोषून घेतो. पाणी उडून जातं, पण अमिनो आम्लं तंतूंना धरून बसतात, आणि कागद कोरडा राहिला तर वर्षानुवर्षं बसतात. म्हणून कागदावरचे ठसे काचेवरच्यांपेक्षा कितीतरी जास्त टिकतात.

जुनं आणि अजूनही सर्वांत प्रचलित रसायन निनहायड्रिन. ठशांसाठी त्याचा वापर १९५४ पासून. अमिनो आम्लाशी संयोग झाला की जांभळा रंग येतो. प्रचलित मिश्रण असं : ५ ग्रॅम निनहायड्रिन, ४५ मिली इथेनॉल, २ मिली इथाइल ॲसिटेट, ५ मिली ॲसेटिक आम्ल; हे विरघळलं की न पेटणारं वाहक द्रावक घालून १ लिटर करायचं. कागद चिमट्याने धरून ट्रेमधून एकदाच ओढायचा, निथळू द्यायचा, मग ८० अंश सेल्सिअस आणि सुमारे ६५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात २ ते ४ मिनिटं. तसं कपाट नसेल तर अंधाऱ्या जागी ठेवून वाट बघायची. एकदोन दिवसांत बहुतेक रेघा येतात, काही दोन आठवडे घेतात. वाफेच्या इस्त्रीने घाई केली की कागद भिजतो, शाई पसरते आणि पार्श्वभूमी जांभळी होते.

त्याहून संवेदनशील म्हणजे इंडेनडायोन, झिंक क्लोराइडसह. याला कोरडी उष्णता लागते, १०० अंशाला साधारण १० मिनिटं. मग हिरव्या प्रकाशात नारिंगी फिल्टरमधून बघितलं की ठसा चमकतो. क्रम महत्त्वाचा : आधी इंडेनडायोन, मग निनहायड्रिन. उलट केलं तर पहिल्याचा फायदा गेला.

दोन सापळे. वादग्रस्त दस्तऐवजावर हस्ताक्षराची तपासणीही व्हायची असेल तर ती आधी, कारण द्रावकाने बॉलपेनची शाई धावते. आणि एटीएमची पावती किंवा दुकानाचं बिल हा थर्मल कागद असतो. त्यावर नेहमीचं इथेनॉलचं मिश्रण ओतलं किंवा तो गरम केला की अख्खा काळा पडतो. त्यासाठी मिश्रण वेगळं घ्यायचं आणि उष्णता द्यायची नाही.

दर्याकाठ

कोकणात जून ते सप्टेंबर सगळंच ओलं. पावसात भिजलेली गाडी, विहिरीतून काढलेला कोयता, ओढ्यात टाकलेली बॅग. यांतून काही मिळतं का?

मुद्देसूद

मिळतं. पाण्याने मीठ आणि अमिनो आम्लं वाहून जातात, तेलकट भाग राहतो. म्हणजे तेलाला पकडणारी पद्धत लागते.

गुळगुळीत वस्तूसाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे बारीक कण डिटर्जंटच्या पाण्यात मिसळलेलं द्रावण वापरतात. गडद वस्तूसाठी त्याचा पांढरा प्रकार असतो. कण तळाशी बसतात, म्हणून बाटली सतत हलवत राहायची. फवारा थेट ठशावर मारायचा नाही. थोडा वर मारून द्रावण ठशावरून ओघळू द्यायचं, मग साध्या पाण्याने अगदी हळू धुवायचं. गाडी भिजलेली असतानाच हे करता येतं, हा त्याचा मोठा गुण.

थांबायला वेळ असेल तर वस्तू सावलीत आपोआप सुकू द्यायची आणि मग पावडर किंवा धुरी. हेअर ड्रायर नको, ऊन नको, फडक्याने टिपणं तर नकोच. ओली वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद केली की आत घाम धरतो, बुरशी येते आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पिशवीच्या घडीने ठसा पुसलेला असतो. विहिरीतला कोयता लगेच पाठवणं शक्य असेल तर तो त्याच पाण्यात, डब्यात ठेवून पाठवलेला बरा. हवा लागली की गंज झपाट्याने चढतो.

आम्लराज

भिजलेल्या कागदाबद्दल एक भर. तिथे निनहायड्रिनने काही होत नाही. आधी तेलकट भागाला लाल रंगवणारं ऑइल रेड ओ आणि त्यानंतर चांदीवर आधारलेला फिजिकल डेव्हलपर हा क्रम. फिजिकल डेव्हलपर मोठा नखरेल आहे. हल्लीच्या कागदात चुनखडी असते, ती आधी मॅलेइक आम्लाच्या पाण्याने मारावी लागते. बुडबुडे येणं थांबेपर्यंत. ती शिल्लक राहिली तर सगळा कागद काळवंडतो. नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्लोराइडने चांदी खाली बसते. धातूचा चिमटाही चालत नाही.

सह्यकडा

धुरीचा उल्लेख झाला, ती नीट सांगतो. सुपरग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट. त्याची वाफ ठशातल्या ओलाव्यावर आणि क्षारांवर जमून पांढरं, कडक प्लास्टिक तयार होतं. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, मोबाइल, पिस्तुलाचा पत्रा यांच्यासाठी हीच पहिली पसंती, कारण एकदा ठसा असा कडक झाला की प्रवासात पुसला जात नाही.

बंद कपाटात वस्तू एकमेकींना न टेकता टांगायच्या. आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास आणायची. ॲल्युमिनियमच्या वाटीत एकदोन ग्रॅम गोंद, खाली साधारण १२० अंशांची तवी. आत एका काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर मुद्दाम उमटवलेला चाचणी ठसा लावायचा आणि नजर त्याच्यावर ठेवायची. तो पांढरा झाला की धुरी बंद. बहुधा १० ते २० मिनिटं पुरतात. जास्त झाली तर खाचाही पांढऱ्या होतात आणि ते परत फिरवता येत नाही. कमी झाली तर पुन्हा देता येते, म्हणून कमीच द्यावी. विदर्भातल्या मे महिन्यासारख्या कोरड्या हवेत ठसा सुकून गेलेला असतो. आर्द्रता न देता केलेली धुरी तिथे वाया जाते.

पांढऱ्या पिशवीवर पांढरा ठसा दिसणार कसा? म्हणून नंतर बेसिक यलो किंवा ऱ्होडामिनसारखा चमकणारा रंग देऊन योग्य प्रकाशात बघतात.

सुरक्षेची बाब गंभीर आहे. तवी फार तापली तर या गोंदातून विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. बंद खोलीत, चिमणीशिवाय, कॉन्टॅक्ट लेन्स लावून हे काम करायचं नाही.

रक्ताचा ठसा असेल तर धुरी आधी देऊ नका, पुढची रक्तासाठीची प्रक्रिया कमकुवत होते. रक्तातल्या प्रथिनांना ॲमिडो ब्लॅक निळाकाळा रंग देतं. त्याआधी सल्फोसॅलिसिलिक आम्लाच्या २ टक्के द्रावणात काही मिनिटं ठेवून रक्त घट्ट बसवावं लागतं, नाहीतर रंग देतानाच ठसा वाहून जातो. आणि डीएनए हवा असेल तर तो नमुना कुठून घ्यायचा ते ठशाला हात लावण्याआधी ठरवायचं. ठशावरूनच कापसाची काडी फिरवली तर ठसा गेला. सगळ्या घटनास्थळांवर एकच ब्रश वापरला तर एका घरातल्या पेशी दुसऱ्या घरात जातात.

चिकटपट्टीची चिकट बाजू विसरू नका. हातपाय बांधायला वापरलेल्या पट्टीवर गुन्हेगाराचं बोट हमखास लागतं, कारण हातमोजे घालून टेपचं टोक सोडवता येत नाही. तिथे जेन्शियन व्हायोलेट किंवा पावडरीचा ओला लेप.

पाटीपेन्सिल

इतका सगळा खटाटोप कशाला? आधारमध्ये जवळजवळ सगळ्या देशाचे ठसे आहेत. मिळालेला ठसा त्यात टाकला की माणूस सापडला पाहिजे.

कचेरीवाट

पाटीपेन्सिल, नेमकी हीच मागणी गोव्यात झाली होती. वास्कोच्या एका शाळेतल्या २०१३ च्या बाललैंगिक अत्याचाराच्या तपासात सीबीआयने आधारची गोव्यातली बायोमेट्रिक माहिती मागितली, दंडाधिकाऱ्यांनी तसा आदेश दिला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे बोटांचे ठसे आणि बुबुळाची प्रतिमा कोणत्याही कारणासाठी कोणालाही देता येत नाही.

पोलिसांचा स्वतःचा संच वेगळा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नाफिस ही यंत्रणा २०२२ पासून देशभर चालू आहे. अटक झालेल्या माणसाला त्यात १० अंकी क्रमांक मिळतो आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात. ज्याची नोंद पोलिसांकडे कधीच झालेली नाही, त्याचा ठसा कितीही सुरेख मिळाला तरी तिथे सापडणार नाही.

मुद्देसूद

कायदा बाजूला ठेवला तरी तांत्रिक अडचण मोठी आहे, आणि ती समजून घेणं मला सर्वांत गरजेचं वाटतं.

रेशन दुकानात बोट लावता तेव्हा यंत्र एकच प्रश्न विचारतं : हा क्रमांक सांगणारा माणूस तोच आहे का? एकाशी एक तुलना. बोट सपाट ठेवलेलं, इंचामागे ५०० पिक्सेलचं स्वच्छ चित्र, नाही जमलं तर पुन्हा लावायची सोय. घटनास्थळाचा ठसा म्हणजे बोटाचा तिसरा-चौथा हिस्सा, ओढला गेलेला, कधी दुसऱ्या ठशावर चढलेला, आणि प्रश्न असा की कोट्यवधींतला हा कोण? समजा, यंत्र दर दहा लाख तुलनांत एकदाच चुकून "सारखा" म्हणतं. एकाशी एक तुलनेत ही चूक जाणवणारही नाही. पण १०० कोटी माणसांच्या दहा-दहा बोटांशी तुलना केली तर त्याच हिशेबाने १०,००० परकी बोटं पुढे येतील. आकडा उदाहरणादाखल घेतला आहे, गुणाकार मात्र टळत नाही.

म्हणून यंत्र नाव सांगत नाही, यादी देतं. पुढचं काम डोळ्यांचं.

११ मार्च २००४ च्या माद्रिदमधल्या रेल्वे स्फोटांचं प्रकरण याच यादीतून घडलं. डेटोनेटर असलेल्या निळ्या प्लास्टिकच्या पिशवीवरचा ठसा स्पेनने एफबीआयला पाठवला. यंत्राने २० जणांची यादी दिली. चौथ्या क्रमांकावर अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातला एक वकील होता. तपासनिसाने त्याचा ठसा जुळवला, पडताळणी करणाऱ्यांनी दुजोरा दिला. एप्रिलमध्ये स्पॅनिश पोलिसांनी "जुळत नाही" असं कळवलं तरी एफबीआय ठाम राहिली आणि मे महिन्यात त्याला अटक झाली. शेवटी स्पेनने तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवलं आणि वकील सुटला. नंतरच्या चौकशीत दिसलं की तपासनिसांनी वकिलाच्या ठशात जे दिसलं ते मागे जाऊन पिशवीवरच्या ठशात शोधलं होतं. एवढ्या मोठ्या संचात योगायोगाने खूप सारखे दिसणारे ठसे मिळतात, आणि संच जितका मोठा तितकी ही भीती मोठी.

रानवारा

मग किती खुणा जुळल्या की ठसा "जुळला" म्हणायचं? कुठे ८ वाचलं, कुठे १२, कुठे १६.

सह्यकडा

आपल्याकडे कायद्यात आकडा नाही. ८ किंवा जास्त असा प्रघात आहे. ब्रिटनमध्ये १६ चा दंडक होता, तो २००१ मध्ये सोडून दिला.

खुणा म्हणजे काय ते आधी. शंख, चक्र, कमान ही झाली ठेवण. तिने फक्त वगळता येतं. शंख असलेलं बोट चक्राच्या ठशाचं असू शकत नाही. पण शंख निम्म्याहून जास्त बोटांवर असतात, म्हणून "दोन्हीकडे शंख" यातून काही सिद्ध होत नाही. ओळख पटते ती रेघ कुठे संपते, कुठे दोन फाटे फुटतात, कुठे छोटा डोळा किंवा ठिपका आहे, आणि दोन खुणांमध्ये किती रेघा आहेत यावरून. त्याहून बारीक म्हणजे घामाची छिद्रं आणि रेघेच्या कडा; त्या पावडरीच्या ठशात क्वचितच भरवशाच्या असतात.

सुस्पष्ट ठशात ८ खुणा एका जागी, एका क्रमाने असतील तर ते वजनदार. पुसट ठशात १२ "दिसल्या" तरी त्यातल्या चार धूळ असू शकतात. आणि एकही खरी, समजावून सांगता न येणारी विसंगती असेल तर बाकीच्या कितीही जुळोत, ठसा त्या माणसाचा नाही. मला विचाराल तर अहवालात आकडा मागण्यापेक्षा खुणा आखलेला मोठा फोटो मागावा.

रानवारा

पण सह्यकडा, आकडा नसेल तर सगळं तज्ज्ञाच्या मनावर आलं. बचाव पक्षाने उलटतपासणी करायची कशावर? १२ चा दंडक असता तर निदान एक रेघ आखलेली असती.

मुद्देसूद

रानवारा, आक्षेप योग्य आहे आणि तो वैज्ञानिकांनीही घेतला. २०११ मध्ये अमेरिकेत १६९ तज्ज्ञांची चाचणी प्रसिद्ध झाली. नसलेली जुळणी आहे असं म्हणण्याची चूक ०.१ टक्के वेळा झाली, असलेली जुळणी नाही म्हणण्याची ७.५ टक्के. म्हणजे पद्धत चांगली आहे, पण अचूक नाही, आणि "शंभर टक्के" हा शब्द साक्षीत येऊ नये.

२००६ मधला प्रयोग याहून बोलका आहे. पाच तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेले ठसे दिले आणि हे माद्रिदवाल्या चुकीच्या प्रकरणातले आहेत असं सांगितलं. तिघांनी "जुळत नाही" म्हटलं, एकाने "सांगता येत नाही", आणि एकच आपल्या आधीच्या मतावर राहिला.

उपाय आकड्यात नाही, कामाच्या शिस्तीत आहे. संशयिताच्या ठशांची पत्रिका टेबलावर येण्यापूर्वी घटनास्थळाच्या ठशातल्या खुणा आखून, तारीख घालून ठेवायच्या. नंतर एखादी खूण वाढवली तर ती वेगळ्या रंगाने. दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचं मत न सांगता तपासायला द्यायचं. तपासी अंमलदाराने पत्रात "आरोपीने कबुली दिली आहे" असं लिहू नये. उलटतपासणीत हेच चार प्रश्न विचारावेत.

कचेरीवाट

कोर्टात ठसे पडतात ते बहुतेकदा रेघांमुळे नाही, कागदांमुळे. मोहम्मद अमन विरुद्ध राजस्थान राज्य, १९९७. पितळी भांड्यावरचा ठसा आरोपीचा आहे असं तज्ज्ञ सांगत होते. पण जप्तीपासून ठसे विभागापर्यंत भांडं छेडछाडीशिवाय पोचलं हे सिद्ध झालं नाही आणि आरोपीचे नमुना ठसे दंडाधिकाऱ्यांसमोर घेतलेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा बाजूला ठेवला. पुढे २०१८ मध्ये सोनवीर प्रकरणात दंडाधिकाऱ्यांसमोरच घेतले पाहिजेत अशी सक्ती नाही असं ठरलं, पण सीलचा धडा कायम आहे.

ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, हे मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड या १९६१ च्या निकालात अकरा न्यायाधीशांनी ठरवलं. सध्या २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा लागू आहे. नोंदी ७५ वर्षं राहतात. आधी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस अपिलांसकट निर्दोष सुटला, तर त्या नष्ट करायच्या असतात. कोर्टाने कारणं नोंदवून वेगळा आदेश दिला तर गोष्ट निराळी. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. तज्ज्ञाचं मत साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली येतं, आणि ते मत आहे, निकाल नाही.

पंचनाम्यात "कपाटावरून ठसे घेतले" एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी : "शयनगृहातील लोखंडी कपाट, उजवे दार, आतील बाजू, जमिनीपासून १३२ सेंमी, हँडलच्या डावीकडे ९ सेंमी, ठसा क्र. ३." एवढ्या एका ओळीवर खटला उभा राहतो.

निशिगंध

नमुना ठसे घेताना काय चुकतं? आणि बेवारस मृतदेहाचे कसे घेतात?

सह्यकडा

जिवंत माणसाचे : हात धुऊन पूर्ण कोरडे. काचेवर किंवा पत्र्यावर छपाईच्या शाईचा पातळ थर रोलरने पसरायचा. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवायचं. अंगठे शरीराकडे, बाकीची बोटं शरीरापासून दूर. अशाने हात अवघड स्थितीतून सैल स्थितीत येतो आणि बोट घसरत नाही. माणसाला म्हणायचं, "हात सैल सोडा, मी फिरवतो." तो मदत करायला गेला की ठसा ओढला जातो. शाई जास्त झाली तर खाचा भरतात, घाम असेल तर शाई धरत नाही. गवंडी, वीटभट्टी कामगार, रोज भांडी घासणारे हात यांच्या रेघा झिजलेल्या असतात. तिथे शाई अगदी कमी आणि दाब हलका ठेवायचा. सिमेंटने झिजलेल्या रेघा काम थांबलं की काही आठवड्यांत परत येतात, कारण मूळ आराखडा आतल्या थरात असतो. खोल जखमेचा व्रण मात्र कायमचा. तळहाताचे ठसे विसरू नका. टेबलावर, भिंतीवर तेच जास्त मिळतात.

मृतदेहाचे : ताठरपणा असेल तर मनगट वाकवून बोट सरळ करायचं. कागदाची पट्टी चमच्यासारख्या खोलगट पट्टीत बसवून ती बोटावर दाबतात. बोट फिरवत नाहीत. पाण्यात राहून सुरकुतलेल्या बोटात टोकाच्या पेराखाली सुईने पाणी किंवा ग्लिसरीन भरून ते फुगवतात आणि दोऱ्याने बांधतात. कातडी मोज्यासारखी निघाली असेल तर ती टाकायची नाही. हातमोजा घातलेल्या स्वतःच्या बोटावर ती चढवून ठसा घेतात. कोणत्या हाताचं कोणतं बोट हे त्याच क्षणी लिहायचं.

पाटीपेन्सिल

आधारचा मुद्दा पटला. शेवटचे दोन प्रश्न. घरफोडी झाल्यावर पोलीस येईपर्यंत घरच्यांनी काय करावं? आणि ठसा किती जुना आहे हे सांगता येतं का?

मुद्देसूद

घरच्यांनी आवराआवर करायची नाही, हे पहिलं आणि अवघड. अस्ताव्यस्त कपाट बघून हात आपोआप पुढे जातो. ज्या वाटेने चोर आला ती वाट सोडून दुसऱ्या वाटेने वावरायचं. कडीकोयंडा, ड्रॉवर, दागिन्यांच्या रिकाम्या डब्या, फ्रिजमधली बाटली यांना हात लावायचा नाही. पंखा लावायचा नाही, धूळ उडते. वस्तू हलवलीच पाहिजे, जसं पावसात भिजणारी पेटी, तर कोपऱ्यांना धरून. रुमालात गुंडाळून उचलली की रुमालच ठसा पुसतो. घरातल्या सगळ्यांनी, मोलकरणीसकट, स्वतःचे ठसे वगळण्यासाठी द्यावेत. त्यात संशय घेण्याचा प्रश्न नसतो. मिळालेल्या ठशांत बहुतेक घरच्यांचेच असतात आणि ते आधी बाजूला काढावे लागतात. ते फक्त वगळण्यासाठीच घेतल्याची नोंद करून घ्यावी.

ठशाचं वय खात्रीने सांगता येत नाही. ताजा दिसतो, पावडर पटकन धरतो, यावरून "काल रात्रीचा" म्हणणं चूक आहे. तोच ठसा बंद कपाटाच्या आत महिनोन्‌महिने राहतो आणि उन्हातल्या लोखंडी गजावर दुपारपर्यंत जातो. लहान मुलांचे ठसे मोठ्यांपेक्षा लवकर उडून जातात. म्हणून काळ ठरवायचा तो जागेवरून. दुकानाच्या काउंटरवर मिळालेला ठसा कुठल्याही गिऱ्हाईकाचा असू शकतो. पण न्हाणीघराच्या खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या असतात. चोर त्या एकेक सरकवून काढतो आणि भिंतीला टेकवून ठेवतो. पट्टीची जी कड एरवी पत्र्याच्या खाचेत अडकलेली असते, तिच्यावर बोट लागायचं तर पट्टी बाहेर काढूनच लागतं. त्या कडेवर घरच्या कुणाचा नसलेला अंगठा मिळाला, आणि ती पट्टी शेवटची कधी काढली होती हे घरच्या माणसाच्या जबाबात असलं, तर ठशाला तारीख मिळते. म्हणून खिडकीखालच्या पट्ट्या कुणी उचलून परत बसवण्याआधी त्यांचे फोटो झाले पाहिजेत.